शेरा

विट्याच्या आमच्या शाळेत अकरा कॉम्प्युटर,
चालायचे आठ.
उरलेल्या तिघांवर जंगम सरांच्या अक्षरात चिठ्ठी : नादुरुस्त.
खाली कुणीतरी पेनानं : आमच्यासारखे.

लॅबमधून एक करडी वायर
उंदरानं आधीच पाडून ठेवलेल्या भोकातून
ऑफिसात जायची.
तिचं दुसरं टोक कुठं, हे बघायचं सुचलं
ते सौदागरला.
मी शेजारच्या स्टुलावर.
हे आज सांगते, तेव्हा नाही सांगितलं.

पहिल्यांदा नुसती गंमत.
क्लार्क मोहित्यांच्या स्क्रीनवर आम्ही धाडलं,
"दोन चहा पाठवा."
त्यांनी बजाबाला पिटाळलं,
किटली हेडमास्तरांच्या दारापर्यंत गेली.
हेडमास्तर रजेवर होते.
आम्ही टेबलाखाली तोंड घालून हसलो.
भिंतीपलीकडे आपला आवाज पोचतो,
पंधराव्या वर्षी केवढी मोठी गोष्ट.

मग ते फोल्डर. पासवर्ड नाही, काही नाही.
दोनदा टिचकी, आणि अख्खी नववी ब समोर.
सौदागरला गणितात सत्तावीस.
त्या सत्तावीसवर त्याचा माऊस
बराच वेळ थांबला.
"आकडं उलटं केलं की झालं," तो म्हणाला,
"बहात्तर."
आणि केलं नाही.
का नाही, ते मी विचारलं नाही.

खालची फाईल मी उघडायला लावली.
फीमाफीची यादी.
अनुक्रमांक, नाव, गाव, उत्पन्न,
आणि शेवटच्या रकान्यात
शेरा.
पाचव्या ओळीत माझ्याच बाकावरची एक मुलगी.
नाव सोडून देते.
तिच्या घरातलं जे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं
ते मोहित्यांनी एका ओळीत बसवलेलं,
एक वेलांटी चुकवून.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत
मी माझी एक चपाती तिच्या डब्याकडे सरकवली.
"आज काय विशेष?" तिनं विचारलं.
घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.
काही खोडलं नव्हतं, काही उचललं नव्हतं.
फाईल बंद केली होती,
मिटत नव्हती.

सौदागर आपणहून गेला सरांकडे.
"कुलूप नव्हतं सर," एवढंच वर.
"माहीत आहे," सर म्हणाले, "मीच लावलं नव्हतं."
आणि चष्मा पुसत बसले.
शिक्षा हेडमास्तरांनी दिली,
वर्षभर लॅबची पायरी चढायची नाही.
"सोबत कोण होतं?"
"कोण न्हाई."
मी तिसऱ्या रांगेत उभी,
प्रार्थनेला मिटतात तसे डोळे मिटून.

वडील तेव्हा सेलमला, गलाईच्या दुकानात.
दिवाळीला घरी आले की उंबऱ्यावर बसून
आधी आमची नखं कापायचे, मग स्वतःची.
"परक्याचं सोनं हातात घ्यायचं तर
नखं वाढवून चालत न्हाई.
चोरायचं मनात नसलं तरी
थोडं नखात येतंच."

आता मी पुण्यात तेच करते, पगारी.
बँकांची दारं ढकलून बघते,
आधी कागदावर सही घेऊन,
कुठपर्यंत जायचं ते ठरवून.
सापडलेलं भगदाड अहवालात लिहिते,
पलीकडे दिसलेली माणसं लिहीत नाही.

सौदागर मायणी रोडला इन्व्हर्टर, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो.
गेल्या उन्हाळ्यात स्क्रू दातात धरून म्हणाला,
"सत्तावीस अजून पाठ हाय."
मी म्हणाले, मला ती पाचवी ओळ.
"कुठली पाचवी?"
म्हणजे त्यानं तेव्हा मान फिरवली होती.
हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

कामाला बसण्याआधी नखं कापते.
ती ओळ आहे अजून, चुकलेल्या वेलांटीसकट.
इथेही लिहिणार नाही.