लँडिंग लाइट, नंदुरबार

ट्रकचं सोपं असतं.
एक वायर दिव्याकडे न्यायची,
दिव्याचं दुसरं टोक चेसिसला आवळायचं.
पुढचं लोखंड बघून घेतं.
पंचवीस वर्षं मी हेच करत आलो
साक्री रोडला, पत्र्याच्या टपरीत:
रज्जाक पिंजारी, ऑटो इलेक्ट्रिक.

पण वळवी सरांचं विमान लाकडाचं.
पाइनच्या फासळ्या, वर ताणलेलं कापड,
टिचकी मारली तर डफासारखं बोलणारं.
"यात करंट परत कुठून यायचा?" मी विचारलं.
आयटीआयत फिटर शिकवायचे तेव्हा बघायचे
तसंच बघितलं त्यांनी चष्म्यावरून.
"तूच सांग."

आधी मी हॅलोजन नेला, शंभर वॉटचा,
केळीच्या गाड्यांना लावतो तो, वाडग्याएवढा.
सरांनी लाइट बिलाच्या पाठीवर भागाकार केला.
दोन दिव्यांना सतरा अँपिअर.
इंजिन देणार अठरा.
"उरलेल्या एकात काय चालवू, रेडिओ की नशीब?"
मग त्याच कापडाची एक चिंधी
त्यांनी पेटत्या दिव्याच्या काचेवर ठेवली.
चिंधीने फार वेळ घेतला नाही.

मग सुरतहून एलईडी आला.
सत्तावीस वॉट, पाठीवर ॲल्युमिनियमचे कंगोरे,
हलका, दिसायला फार शहाणा.
बटण दाबलं
आणि रेडिओत कढईत मिरच्या पडाव्यात तशी तडतड.
तीन दिवस मी तो आवाज शोधत होतो.
बॅटरी बदलली, फ्यूज बदलला,
पंखाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला,
शिव्या दिल्या, सर नसताना.
चौथ्या दिवशी लाल वायरला काळी वायर
पीळ देत देत शेवटपर्यंत नेली.
आजा कापूस पिंजायचा, आजी सूत काढायची,
पीळ किती बसवायचा ते बोटांना ठाऊक होतं.
तडतड निम्म्याहून कमी झाली.
पूर्ण गेली नाही.
"राहू दे," सर म्हणाले, "घरात एवढी असतेच."

डाव्या दिव्याला एक बटण, उजव्याला वेगळं.
फ्यूजही दोन.
एक गेला तर दुसऱ्याने त्याच्या मागे जाऊ नये.

"सर, तुम्ही उडणार दिवसा. दिवा कशाला?"
"घारींसाठी. त्यांना लांबून कळायला नको का?"
मग बराच वेळ पक्कड शोधत राहिले.
पक्कड माझ्या हातात होती.
"आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तर," म्हणाले.
कोणाला, ते विचारलं नाही मी.

जानेवारीतली संध्याकाळ. शेडचं दार उघडलं.
शेपूट उचलून तेलाच्या ड्रमवर ठेवली,
उडताना असतं तसं अंग सरळ करायला.
समोर कोल्ड स्टोरेजची भिंत,
भिंतीवर खडूची फुली,
मधे मिरच्यांची पथारी, दोन एकर.
पहिल्यांदा उजेड फुलीच्या वर गेला.
स्क्रू अर्धा फेरा.
मग फार खाली आला,
आणि सगळी पथारी एकदम
लाल झाली, दिवसा असते त्याहून लाल.

देठ खुडणाऱ्या बाया डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिल्या.
त्यांच्यातली कोकिळाबाई, तोंडाला फडकं बांधलेली,
तिथूनच ओरडली,
"हाई उडी का नही माहीत नही,
पन दिवा ते लागना, भो!"
सर हसले, शिंकले, परत शिंकले.
मीही. मिरचीच तशी होती.
डोळे पुसताना कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

स्क्रू पाव फेरा मागे.
उजेड फुलीवर बसला.

रात्री टपरीत बिल केलं.
फ्यूज दोन. बटणं दोन.
मजुरी लिहिली, खोडली.
वायर, लाल, जाताना: चौदा फूट.
वायर, काळी, येताना: चौदा फूट.
ट्रकच्या बिलात ही दुसरी ओळ
मी कधी लिहिली नव्हती.