काटा स्थिर होईपर्यंत

महापे नाक्यावर आमचा वजनकाटा.
एमआयडीसीत गेलेल्या खाचरांच्या पैशातून
आबांनी साठ टनांचा पत्रा जमिनीत बसवला
आणि शेजारी काचेच्या खोलीत मला.

गाडी चढते, डुलते,
पडद्यावर आकडे आट्यापाट्या खेळतात.
मी म्हणते, इंजिन बंद करा, क्लीनर खाली उतरा,
काटा स्थिर होऊ द्या.
मग पावती : नंबर, माल, वजन, वेळ.
वेगाचा रकाना नाही तिच्यावर.
माझ्यासमोर सगळ्या गाड्या उभ्याच असतात.

नववीत तांडेल सरांनी
प्रयोगशाळेच्या पडद्यावर अंडं फेकायला लावलं होतं मला.
जोरात, म्हणाले, कुणाचा तरी राग काढ.
अंडं कापडात खोल गेलं, थांबलं, फुटलं नाही.
दुसरं फळ्यावर. (फळा पुसला मीच.)
"संवेग दोघांचाही तेवढाच होता, मढवी.
तो कुठेतरी द्यावाच लागतो.
भिंत एकरकमी मागते,
कापड हप्त्यांनी घेतं."
आवेग म्हणजे बल गुणिले काळ,
हे मी वहीत लिहिलं. वही रद्दीत गेली.

खंडू ढवळे, गेवराईचा. ट्रेलरवर पोलादी कॉइल्स.
मंगळवारी पहाटे चार बाराला
माझ्या पत्र्यावर उभा होता :
एकतीस टन चारशे साठ.
"ताई, चहा ठेवा, येताना रिकामी तोलतो."
शिळफाट्याच्या उतारावर हवेचा पाइप फुटला.
समोर नव्या पुलाचा खांब.
डावीकडे रस्त्याच्या कामाची खडी, लांबट, ओली.
त्याने खडी निवडली.

हवालदार पावतीची नक्कल न्यायला आला.
वेग किती असेल?
तो आमच्याकडे नसतो, म्हटलं.
जीपीएसवाल्यांनी सांगितला : ताशी चोपन्न.
सेकंदाला पंधरा मीटर.
मी पावतीच्या पाठीवर गुणाकार केला.
चार लाख एकाहत्तर हजार नऊशे.
खांबाने हे दशांश सेकंदात वसूल केलं असतं.
खडीने दोन सेकंद घेतले.
दोन सेकंद,
"ताई, चहा ठेवा" म्हणायला लागतात तेवढे.
तेवढ्यात माणूस वाचला.
उजवा पाय, ब्रेकवरचा,
काढायला आत नेलाय म्हणाले.

ट्रान्सपोर्टवाला माझ्याच खुर्चीत बसून म्हणाला,
घरी तुम्हीच कळवा, बाईमाणूस, नीट सांगाल.
मी मनात खडी पसरायला घेतली :
आधी गाडी बंद पडली,
मग थोडं लागलंय,
मग दवाखाना, मग वाशी, मग ऑपरेशन,
पाय सगळ्यांत शेवटी.

शेवंताबाईंनी पहिल्या हॅलोलाच विचारलं,
"जित्ता हाय का? एवढंच सांगा."
आहे.
"मग काय गेलं?"
पाय.

ढीग माझा बाजूलाच राहिला.
मग ती बोललीच नाही.
मागे बादली वाजली, कोंबडा,
कुणीतरी शाळेचा डबा मागत होतं.
तिने फोन ठेवला नाही.
मीही नाही.
चार मिनिटं एकोणीस सेकंद,
नंतर पाहिलं स्क्रीनवर.
वेळ तिने स्वतःच घेतला, माझ्याकडून न मागता.

बाहेर रांग शिळ्याच्या बाजूने वाढलेली, हॉर्नवर हॉर्न.
पत्र्यावर केमिकलचा टँकर, आतलं हिंदकळतंय,
आकडे खालीवर.
छापा की ताई, ड्रायव्हर ओरडला.
थांबा, म्हटलं,
अजून हलतंय.