नितळ

पाणी नितळ आहे, हीच तर अडचण.
गढूळ असतं तर कुणीही हटकलं असतं,
आर्लिसबाई, तुमच्या शेतातून काहीतरी वाहून चाललंय.

दर मंगळवारी मी ओढ्यात उतरते,
कोटाच्या खिशात दोन बाटल्या, हातात फोल्कर्टची काठी.
आयोवातला फेब्रुवारी. सगळं गोठलेलं,
ओढा, कुंपणाची तार, माझ्या नाकाचा शेंडा.
फक्त काठातून डोकावणारं नळीचं तोंड
गळत राहतं,
झोपलेल्या माणसाच्या ओठातून लाळ गळावी तसं.

इथे पूर्वी दलदल होती. बदकं, लव्हाळे,
घोडा पोटापर्यंत रुतेल असा चिखल.
सासऱ्यांच्या वडिलांनी फावड्यानं चर खणले,
भाजक्या मातीच्या नळ्या टोकाला टोक लावून पुरल्या
आणि काळी, लोण्यासारखी जमीन वर आली.
त्या नळ्यांचा नकाशा फोल्कर्टनं
बियाणे कंपनीच्या कॅलेंडरामागे काढून ठेवलाय.
बासष्ट सालचा नोव्हेंबर उलटला
की आमच्या शेताच्या शिरा दिसतात, पेन्सिलीतल्या.

सप्टेंबरअखेर सोयाबीन निघतं. मग मेपर्यंत
या जमिनीवर जेवायला कुणी नसतं.
मातीचा भटारखाना मात्र चालूच.
वाढलेली ताटं तशीच पडतात,
बर्फ वितळलं की सगळं नळीतून नळीत,
ओढ्यात, नदीत,
आणि चाळीस मैलांवर माझ्या भाचीच्या मोरीत.

परवाच्या जानेवारीत तिला मुलगा झाला.
नगरपालिकेची चिठ्ठी आली:
तान्ह्या बाळांना हे पाणी देऊ नये.
उकळलं तर, मावशी? तिनं फोनवर विचारलं.
उकळून नायट्रेट जात नाही, मी म्हणाले, दाट होतं.
पुढे बराच वेळ फोनमध्ये नुसता तिचा फ्रिज घरघरत होता.

त्या शरदात मी राय पेरली.
राय म्हणजे गव्हाची रांगडी चुलतबहीण,
थंडीला भीक न घालणारी.
अर्ध्याच शेतात. पैसे अर्धे होते, धीरही.
शेजारच्या डेल्विननं कुंपणाशी गाडी थांबवली.
विकायचं नाही, खायचं नाही,
वसंतात आपल्याच हातानं मारायचं,
असलं पीक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.
मला उत्तर सुचलं नाही.
रात्री दीड वाजता सुचलं, पण तेव्हा डेल्विन नव्हता.

बुटानं बर्फ खरवडलं
तर खाली हिरवं होतं.
फार नाही, दाढी न केलेल्या गालाइतकं.
पण मुळं जागी होती, खाली जाऊन ताटं चाटत होती.
उत्तरेच्या तोंडाची पट्टी गडद गुलाबी झाली: एकोणीस.
दक्षिणेची, राय असलेल्या बाजूची,
रंगावं की नाही अशी बिचकत थांबली: आठ.
मी दुसरी पट्टी बुडवली. मग तिसरी.
आठ म्हणजे शून्य नव्हे, मला ठाऊक आहे.

एप्रिल भिजत गेला. यंत्र शेतात घालता येईना.
राय कमरेला लागली तेव्हा कुठे तिला आडवी केली,
आणि त्यातून उगवलेला मका
कावीळ झाल्यासारखा पिवळा.
शरदात एकरी नऊ बुशेल कमी भरले.
डेल्विननं हा आकडा मला विचारला नाही,
म्हणजे त्याला तो आधीच कळला होता.

आणि ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी तोच दारात,
टोपी हातात घेऊन.
तुझं पेरणीयंत्र रिकामं आहे का?
गुरांच्या चाऱ्यासाठी हं, भलतं काही समजू नकोस.
मी काही समजले नाही.
फाळाचा एक बोल्ट ढिला आहे, एवढं सांगितलं.

त्या रात्री कॅलेंडर उलटं केलं,
फोल्कर्टच्या शिरांवर दक्षिणेकडे बारीक रेघा मारल्या,
उत्तरेकडेही थोड्या.
बाटल्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्यात.
एकोणीस आणि आठ.
दोन्हींतून पलीकडचं कुंपण सारखंच स्वच्छ दिसतं.