तिसरी बांगडी

किटमधलं रंगपत्रक मे महिन्यातच विटलं.
स्कूटीच्या डिकीत, शेहेचाळीस अंशांत,
गुलाबीच्या पाचही पायऱ्या
एकसारख्या पांढुरक्या झाल्या.
नवीन मागवायला ऑफिसात कोटेशन लागतं.
तीन.

म्हणून मी इतवारीत गेले.
कासार म्हणाला, लगन कोणाचं हाय?
म्हटलं, विहिरींचं.
काचेच्या पाच निवडल्या, फिक्या गुलाबीपासून राणी रंगापर्यंत.
कॉलेजच्या लॅबमधल्या धकातेकाकांनी
नायट्रेट मोजून कालवलं, पाच नळ्या भरल्या,
खिडकीशी धरून तासभर बघितल्या
आणि दोन बांगड्या बदलून आणायला लावल्या.
एकूण खर्च बावीस रुपये, पेट्रोल सोडून.

सोनसावली ले-आउट, उमरेड रोडच्या आत.
नकाशावर नळाची लाइन निळ्या शाईची,
जमिनीवर नुसती गिट्टी.
त्याच गिट्टीवर गाडी घसरली,
किल्लीच्या कडीतली तिसरी बांगडी फुटली.
नेमकी तिसरी. पिता येतं की नाही,
ते जिच्यावर ठरतं.

कुंदाबाई नंदनवारांनी आधी पाण्याचा पेला पुढे केला.
दरवेळी असंच होतं.
जे तपासायला आले
ते मी आधी पिऊन टाकते.
थंड होतं. गोड होतं.
"अख्ख्या ले-आउटात असं पाणी नाही, बाई.
तुरीची दाळ दोन शिट्ट्यांत."
विहीर नवऱ्याने आणि दिराने खणलेली,
आधी मुरूम, मग पत्थर,
अठ्ठावीस फुटांवर पहिला ओलावा.

नळीत पाणी पाच मिली. चिमूटभर पूड.
मिनिटभर हलवायची, दहा मिनिटं थांबायचं.
थांबताना मी पावलं मोजते:
विहिरीपासून संडासाच्या टाकीपर्यंत एकोणीस.
सेप्टिक टाकीला इथे सगळे
सेफ्टी टाकी म्हणतात.
मी कधी कोणाला सुधारलं नाही.

ओट्यावर बाळंतीण लेक
दुधाच्या पावडरीत कोमट पाणी ओतत होती.

नळी चढत गेली. दुसऱ्या बांगडीच्या पुढे,
चौथीच्या अलीकडे.
मी कडी फिरवत राहिले,
जणू फिरवून तिसरी सापडणार होती.

कुंदाबाईंनी काही विचारलं नाही.
मनगट पुढे आणलं
आणि नळीला टेकवून धरलं.
हिरव्या चुड्यात एक गुलाबी होती,
लेकीच्या डोहाळजेवणात भरलेली.

काच आणि पाणी
उन्हात एकच दिसले.

"उकळून देलं तं?"
"उकळलं की पाणी जाते, कुंदाबाई,
ते राहते."

लेकीने बाटली खाली ठेवली.
बाळ रडायला लागलं, ते बराच वेळ
कोणी उचललं नाही.

मग कुंदाबाईच उठल्या.
रहाटाचा दोर सोडला, गुंडाळला,
कोनाड्यात ठेवला, पुन्हा काढला.
म्हणाल्या, झाडाईले तं चालते ना?
चालते, म्हटलं. कपड्यांले, भांड्यांले, झाडाईले.
माझी बोली त्यांच्या बोलीत कधी गेली
मला कळलं नाही.

निघताना तेलाचं बोट लावून
त्यांनी ती बांगडी उतरवली.
"घे. समोरच्या विहिरीले लागन."
कडीत अडकवली तेव्हा
ती अजून गरम होती.

कठड्यावर मी लाल फुली काढली.
कुकरची दुसरी शिट्टी
त्याच वेळी झाली.