हात सैल सोड

चोवीस वर्सं झाली, दर मंगळवारी सावळीच्या बजारात
मी बायांचे हात धरते.
नवरा धरत नसन इतका वेळ.
अंगठा तळव्यात दाबायचा, हाडं गोळा करायची
अन् म्हनायचं, हात सैल सोड माय.
कोनाले सव्वादोन लागते, कोनाले अडीच,
हे तिच्या मायले मालूम नाई, मले मालूम.

पंचफुला आली व्हती महालक्ष्म्यांच्या आदल्या बजारी.
हात गार, चिंब.
बांगडी साबनाबिगर सरकली.
मी हासली. म्हनलं, पाय, आज किती सैल सोडला!
थे म्हने, जबडा ठनकून राह्यला, दाढ असन.
पाठीत भरून आलं, पित्त असन.
चार पावलं चाललं का बसाव वाटते.
पन घरी तीस पानं उठाचे हायेत बाई,
मंग पाहू.

डझनभर हिरव्या भरल्या. दहा रुपये उधार.

पानं उठले.
भांडे घासता घासता थे आडवी झाली.
गाडीत घालताना बी पोराले सांगत व्हती,
आंबील झाकून ठेव.

मयतीले बाया म्हनल्या, नशीबाची होय,
भरल्या हातानं गेली.
मी पाह्यलं. खरंच, एकबी फुटली नव्हती.
माह्या हातच्या बारा.
डाक्टर म्हने, हार्ट अटॅक.
सासू म्हने, बाईमानसाले?
जसा काई थो सातबाऱ्यावरचं नाव पाहून येते.

आता मी हात धरला का लवकर सोडत नाई.
घाम कायचा? पानी आनताना दम लागते का?
बीपीची गोळी तू खाते, का निसती सासऱ्याले देते?
बाया हासतेत, म्हनतेत,
बुडी बांगड्या इकते का चौकशी करते!

काल सूर्यकांताले घेऊन गेली आरोग्य केंद्रात.
नर्सबाई म्हने, मनगटाले चिमटे लावाचे हायेत,
बांगड्या काढा.
तिनं दोन्ही हात छातीशी धरले.
नवरा जिता हाय माह्या. काढू कशी?

मी तिच्या बाजूले बसली.
जिंदगीभर भराचंच काम केलं,
काढाचं पयल्यांदाच.
अंगठा तळव्यात दाबला, हाडं गोळा केली.
हात सैल सोड माय.
एक एक करून बारा निंगाल्या, एकबी तडकली नाई.
माह्या ओच्यात ठेवल्या.

मशीनीतून कागद सरकत आला.
डाक्टरीन लय वेळ त्याच्याकडं पाहत राह्यली,
काई बोलेच ना.
मी ओच्यात हात घालून
बांगड्या मोजत व्हती.
आठ.
नऊ.