थुंकीच्या बारा नळ्या

फ्रिजमध्ये लोण्याशेजारी
रुदेसिंदोच्या थुंकीच्या नळ्या उभ्या होत्या.
बारा. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात वेळ.
पुंता अरेनासहून बोटीने आलेली ती पोरगी, रायेन,
म्हणाली होती, दर दोन तासांनी, आजी,
आणि रात्री दिवा न लावता.

दिवा न लावता मी या माणसाला
एकोणपन्नास वर्षं ओळखते.
पण रात्री एकला हलवून, "थुंक रे,"
असं कधी म्हटलं नव्हतं.

महिन्याने कागद आला. त्यावर दोन रेघा.
तुटक रेघ कुणा तिशीतल्याची:
संध्याकाळी चढण, मध्यरात्रीनंतर डोंगर,
पहाटेला उतार.
सलग रेघ आमची.
त्याने चष्मा चढवला, पुसला, परत चढवला.
"हा तर आपला माळ," म्हणाला, "टेकाडसुद्धा नाही."
"आहे की. हे बघ. बुटकं आहे,
आणि वेळेआधी येऊन गेलंय."

म्हणून हा सूप संपायच्या आत पेंगतो
आणि तीनला स्वयंपाकघरात खुडबुडतो.
कुत्र्यांच्या आधी
त्याचं कॉर्टिसोल उठून बसलेलं असतं.

मेंढ्यांचं मात्र त्याला सगळं कळायचं.
एप्रिल सरता सरता दिवस आखडतो,
रात्र मेंढीच्या डोळ्यांतून आत उतरते,
आणि कळपच्या कळप माजावर येतो.
चाळीस वर्षं त्याने बरोबर तेव्हाच एडके सोडले,
कॅलेंडर न बघता.
आपल्यातही असलं काही असेल
हे त्याच्या गावीही नव्हतं.
मला ठाऊक होतं.
डिसेंबरात, लोकर कातरायच्या दिवसांत,
अकरापर्यंत उजेड, अंगाला चरबीचा वास,
झोपायचा नाही, झोपू द्यायचा नाही.
जूनमध्ये ओल्या पोत्यासारखा पडून.
आता जून काय, डिसेंबर काय.

माझा महिन्याचा हिशेब तर केव्हाच मिटला.
मिटता मिटता अंगात वणवे लावून गेला.
खिडकी उघडून मी वाऱ्यात उभी राहायचे,
आणि हा घोरत असायचा.
तेव्हाचा राग थोडा शिल्लक आहे अजून.

कागदामागे रायेनने लिहिलंय:
वयाने डोळ्याचं भिंग पिवळं पडतं,
निळा उजेड आत पोचत नाही,
आजोबांना सकाळी बाहेर बसवा.
सकाळी!
पोर्वेनीरला जूनमध्ये दहाला उजाडतं, पोरी.
तीन ते दहा
माणसाने करायचं काय?

काल मीही उठले.
त्याच्यासाठी नाही, लघवीला.
तो चुलीशी, हातात येर्बा मातेचा भोपळा.
दिवा लावला नव्हता,
तिचा नियम अजून पाळतोय वेडा.
सामुद्रधुनीवरचा वारा छपराचा पत्रा वाजवत होता.
"झ्देंका, ती तुटक रेघ कुणाची असेल गं?"
"असेल कुणी तिशीतला."
"झोपू दे त्याला," म्हणाला,
आणि माझ्यासाठी पाणी ओतलं.