सतरा नंबरचा लाल

लॉस एंजेलिसमधल्या त्या लांबट खोलीत
बत्तीस बायका, पांढरे हातमोजे,
भिंतीला लागून रंगांच्या बरण्या.
सतरा नंबरच्या बरणीवर चिठ्ठी: इंडियन.
विटकरी नाही, शेंदरीही नाही,
कुणाच्याच अंगावर कधी न उतरलेला
ठणठणीत लाल.

डेझबा तो मागच्या बाजूनं भरते,
सेल्युलॉइडच्या तावावर, काळी रेघ न ओलांडता.
सरदार कड्यावरून पडतो. उठतो. पुन्हा पडतो.
एका पडण्याला चाळीस ताव.
तोंडी त्याच्या एकच शब्द, तोही शब्द नव्हे,
पोट दुखल्यासारखा हुंकार.
तिचा मामा तर
एका मेंढीची गोष्ट सांगायला घेई
आणि शेकोटी विझली तरी
मेंढी घरी आलेली नसे.

मिस हॅलोरन म्हणाल्या,
"हात काय स्थिर आहे गं! मूळची इटालियन का?"
आठवड्याला सोळा डॉलर.
"हो," म्हणाली डेझबा.

तळघरात लेम्युएल.
वापरलेले ताव धुऊन परत वर पाठवतो.
तरुणपणी टेक्सासात गुरं हाकायचा.
"नऊ जण होतो खिल्लारामागं,
तिघं माझ्यासारखे, दोघं मेक्सिकन,
फास टाकायला त्यांनीच शिकवलं सगळ्यांना.
आणि हे बघ,"
ओला ताव दिव्यासमोर धरतो,
"गोरा गडी, गोरा घोडा,
गुरंसुद्धा गोरी काढलीत लेकाच्यांनी!"
हसता हसता टोपी पडते टबात.

त्या रात्री ती एक ताव चुकवते.
सतरात सहा नंबरची माती, चिमूटभर काजळी,
मामाचा गाल होईस्तोवर ढवळते.
एकच ताव. सेकंदाचा चोविसावा भाग.
सरदार हवेत असताना.

लेम्युएलनं तो ओळखला. बराच वेळ धरून बसला.
मग धुतला, ताव मोजून द्यावे लागतात.
टबातल्या पाण्यात सगळे रंग मिसळलेले,
त्यात त्याचा हात
मनगटापासून दिसेना.

डिसेंबरात चिनलीच्या मिशन शाळेत
चादरीवर दाखवलं ते चित्र.
भाचा, शाळेतलं नाव वुडरो,
बाकावर चढून गोऱ्या गड्यासाठी शिट्ट्या मारत होता.
"मध्येच काही वेगळं दिसलं का रे?"
"हो! घोडा बोलला!"

बाहेर बर्फात खेळ मांडला पोरांनी.
सरदार व्हायला कुणी तयार होईना.
शेवटी कुत्र्याला केलं सरदार,
पण तो काही पडेना
उतारावरून,
कितीही ढकलला तरी.